‘मुली पळवणारी टोळी’ आणि आपले बडोद्याचे ग्रुप

दांडिया बाजारापासून फतेगंजपर्यंत, बडोद्यातल्या आपल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज थोडा थोडा बदलून फिरत असतो. सार असं: पांढऱ्या व्हॅनमधून टोळी येते, रुमाल हुंगवून कॉलेजच्या मुली पळवते; मुलींना हॉस्टेलवर ठेवू नका; संशयित दिसला की आधी चोप द्या; आणि ‘ज्या स्वतःहून जातात त्यांना कोण वाचवणार?’

रुमालाचं आधी उरकून टाकू. क्लोरोफॉर्मने माणूस झटक्यात कोसळत नाही, काही मिनिटं लागतात. ते सिनेमातच जमतं.

टोळी अनोळखी असते, हा समज मात्र गंभीर. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये मानवी तस्करीच्या मार्गांत अपहरण आहेच, पण फसवणूक, आमिष आणि अधिकाराचा गैरवापरही आहे. प्रत्यक्षात स्थळ किंवा नोकरी घेऊन येणारा अनेकदा ओळखीतलाच निघतो. त्याला आपण चहा पाजतो.

आणि फक्त मुलीच कशा? कंबोडिया, म्यानमार, लाओसमध्ये डेटा एन्ट्रीची नोकरी म्हणून गेलेल्या भारतीय तरुणांचे पासपोर्ट काढून घेऊन त्यांना ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलं गेलं. परराष्ट्र मंत्रालयाला त्यावर जाहीर इशारे द्यावे लागले. आपल्याकडे घरोघरी कोणी ना कोणी परदेशाच्या तयारीत आहे, तरी या मेसेजमध्ये मुलग्यांसाठी एक ओळ नाही! एजंटचं नाव ई-मायग्रेट या परदेशी नोकरीसाठीच्या सरकारी पोर्टलवर नोंदलेलं आहे का, ते बघा. ‘आत्ता टुरिस्ट व्हिसावर चल, पुढचं तिथे करू’ असं तो म्हणाला, तर तिथेच थांबा.

हॉस्टेलबद्दल एवढंच: शिक्षण सुटलेली, हातात पैसा नसलेली मुलगी आमिषाला बळी पडण्याची शक्यता वाढते, कमी होत नाही.

‘आधी चोप द्या’ची किंमत २०१८ मध्ये दिसली. जूनअखेर अहमदाबादच्या वाडजमध्ये मुलं पळवणारी समजून जमावाने भीक मागून जगणाऱ्या एका बाईचा जीव घेतला. १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारलं. असेच मेसेज होते. संशय आला तर ११२ लावा. बाईमाणसासाठी गुजरातेत १८१ अभयम् हेल्पलाइन आहे.

राहिलं ‘स्वतःहून गेली’. त्याच कलम १४३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की पीडिताची संमती इथे विचारात घेतली जात नाही. सुटून आलेली मुलगी किंवा मुलगा पुन्हा वर्गात बसतो तेव्हा मागच्या बाकावरून हीच कुजबुज त्याच्या कानावर जाते. वर आपले उत्साही आयोजक जनजागृती दिनाला त्यालाच माईक देऊन अनुभव सांगायला लावतात. माझ्या मते हा दुसरा छळ. विचारायचंच असेल तर हजेरी, फी, राहण्याची जागा यांतलं काय अडलंय ते विचारा, आणि नाव त्याच्या परवानगीशिवाय प्राध्यापकांनाही सांगू नका. खटला लढवायचा ठरला तर वकील फुकट मिळतो: विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ मध्ये मानवी तस्करीच्या पीडितांचा वेगळा उल्लेख आहे, त्यांना उत्पन्नाची अट नाही. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. सोबत कोणी गेलं तर बरं, पण जायचं की नाही हे त्यानेच ठरवायचं.