तीन हजार किलोमीटरचा हट्ट आणि खळ्यात उभी गाडी

गणपती जवळ आले की आमच्या गावच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. यंदाही आला. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: कोकणात समुद्राची खारी, दमट हवा इंजिनात शिरते, म्हणून इकडच्या गाडीचं ऑइल दर ३००० किलोमीटरला बदलाच. ऑइल काळं दिसलं की ते संपलं. घाट चढायचे तर जाड ऑइल घाला. गाडी नुसती उभी असेल तर मात्र ऑइलला हात लावू नका, रोज दहा मिनिटं जागेवर चालू ठेवली की झालं. आणि काढलेलं ऑइल वाशांना मारा, वाळवी लागत नाही. लिहिणाऱ्याला कळकळ आहे, म्हणून लोक मानतात. पण यात जवळजवळ प्रत्येक सल्ला चुकलाय, आणि उभ्या गाडीबद्दलचा तर इंजिन खाणारा आहे.

आधी ३००० चा आकडा. गाडीसोबत मिळालेलं पुस्तक उघडून बघा. आपल्याकडच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं जे आधी होईल ते, असं लिहिलेलं असतं. धूळ, थांबत-थांबत चालवणं, जवळच्या जवळ फेऱ्या असा खडतर वापर असेल तर साधारण निम्मं, म्हणजे ५,००० किंवा सहा महिने. अमेरिकेत एके काळी ३००० चा सल्ला सर्रास दिला जायचा, पण ते मैल होते, म्हणजे सुमारे ४,८०० किलोमीटर, आणि ती इंजिनं व ते ऑइल दोन्ही जुन्या काळातले. मुंबईहून रत्नागिरीला येणाऱ्या चाकरमान्याच्या गाडीला तर असा लांबचा सलग प्रवास सगळ्यात सोसवणारा असतो, कारण इंजिन पूर्ण तापतं आणि एका लयीत चालतं. चिऱ्याच्या खाणीकडे रोज जाणारी गाडी असेल तर गोष्ट वेगळी, तिला खडतर वापराचाच हिशोब लावा. गणपतीत हायवेवर तासन्‌तास अडकून पडलात तर तेव्हाही इंजिन चालूच असतं, मीटर फक्त हलत नाही.

खाऱ्या हवेचं म्हणाल, तर ती गाडीला खाते हे खरंच. पण बाहेरून. सायलेन्सर, चासीचे सांधे, ऑइल चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा, पत्रा. सर्व्हिसिंगला गाडी वर उचलली की चेंबर आणि त्याचा नट गंजलाय का, हे स्वतः वाकून बघा. ऑइलमध्ये मात्र पाणी येतं ते मुख्यतः समुद्राकडून नव्हे, पेट्रोलमधून. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरवाटे जातं, पण थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांच्या फटींतून खाली चेंबरमध्ये उतरते. ऑइल चांगलं तापलं तर ती उडून जाते. नाही तापलं तर तिथेच साचते.

म्हणूनच उभी गाडी जास्त धोक्यात. माझ्या मामांची गाडी गुहागर तालुक्यात वाडीतल्या खळ्यात असते. दोन वर्षांत १,९०० किलोमीटर. घर ते बाजार चार किलोमीटर, तेवढंच परत. "अरे, गाडी चाललीच कुठे? ऑइल नवंच आहे," मामा म्हणाले. मी ऑइलचं झाकण काढलं, तर आतून दुधावर साय धरावी तसा पिवळट पांढरा थर. हेड गॅस्केट, म्हणजे कुलंटला ऑइलपासून वेगळं ठेवणारी इंजिनातली पट्टी, गेलं की काय म्हणून पोटात गोळा आला. पण कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, जागेवर होतं आणि डिपस्टिकवरचं, म्हणजे ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवरचं, ऑइल दुधी नव्हतं. साचलेला ओलावा होता तो, दोन वर्षांचा. चार किलोमीटरमध्ये तापमानाचा काटा मध्यावर येतो खरा, पण तो कुलंटचा काटा. ऑइल तापायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. थंड इंजिनाला पेट्रोलही जास्त लागतं, त्यातलं न जळलेलं थोडं ओघळून ऑइलमध्ये मिसळतं आणि ते पातळ करतं. पाणी आणि जळणाचे वायू मिळून आम्ल होतं, त्याला मारण्यासाठी ऑइलमध्ये घातलेली द्रव्यं हळूहळू संपत जातात. हे सगळं किलोमीटरच्या मीटरवर दिसत नाही. त्या दिवशी ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलले. आता मामा दर वर्षी मे महिन्यात बदलतात, मीटर काहीही सांगो.

दहा मिनिटं जागेवर चालू ठेवण्याने तर उलटंच होतं. ऑइल तापत नाही, पाणी आणि पेट्रोल तेवढं वाढतं. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस किलोमीटर सलग फिरवून आणा. ते जमणार नसेल तर बॅटरीची तार काढून गाडी शांत उभी राहू द्या.

काळ्या रंगाला घाबरू नका. डिझेल गाडीचं नवं ऑइल काहीशे किलोमीटरमध्येच काळं होतं, कारण काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. घाबरायचं ते दुधी रंगाला, पेट्रोलच्या वासाला आणि वाढलेल्या पातळीला. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी गाळणी, असतो. फेऱ्या छोट्या असल्या की त्यातली काजळी जाळण्याचं काम अर्धवट राहतं आणि त्यासाठी सोडलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर वरच्या खुणेच्या पुढे ऑइल दिसलं तर तारखेची वाट बघू नका. २०२१ च्या जुलैत चिपळूणला पुरात बुडालेल्या गाड्यांना तर किलोमीटरचा हिशोबच नव्हता. अशा गाडीची चावी न फिरवता आधी ऑइल काढायचं असतं.

जाड ऑइलचं उत्तर डब्यावरच आहे. ५डब्ल्यू-३० मधला ३० हा १०० अंशांवरच्या जाडीचा दर्जा, म्हणजे तापलेल्या इंजिनाचा विचार त्यात आधीच झालाय. आंबा घाटात काटा वर जात असेल तर कुलंट, रेडिएटर आणि पंखा बघा. पुस्तकात नसलेलं जाड ऑइल नव्या इंजिनाच्या बारीक वाटांतून वेळेवर पोचत नाही.

राहिले वासे. जळक्या ऑइलमध्ये धातूंचे कण आणि कर्करोगाला कारण ठरणारी संयुगं असतात, कायद्याने तो घातक कचरा आहे. आपला जांभा सच्छिद्र. पहिल्या पावसात वाशावरून, कुंपणाच्या खांबावरून ओघळलेलं ऑइल त्यातून झिरपत विहिरीला आणि पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, मिळतं. छोट्या गाडीतून एका वेळी तीन-साडेतीन लिटर निघतं, आणि ३००० चा नियम पाळला तर ते तिप्पट वेळा काढावं लागेल. घरी बदललंत तर नव्या ऑइलच्या रिकाम्या कॅनमध्येच भरा, झाकण घट्ट लावा आणि जे गॅरेज पिंपात साठवून पुनर्वापरासाठी देतं तिथे नेऊन द्या.