लेक लॅनियर, कोयना आणि माझी गुरुवारची परीक्षा

काल इथे जॉर्जियात लेक लॅनियर तळ्यावर आपल्या ग्रुपची पिकनिक होती. वडापाव, चहा, पोरं पाण्यात, सगळं मस्त. मी आपली कोपऱ्यात फ्लॅशकार्ड्स घेऊन बसलेले, कारण गुरुवारी परीक्षा आहे. तर एक दादा आले, कार्ड उचललं, हसले आणि म्हणाले, "अगं या वयात? आणि यांचा इतिहास आपल्याला काय करायचाय, नेटवर प्रश्न मिळतात, पाठ कर आणि सुटून जा." सगळे हसले. मीपण हसले, आणि कालपासून त्याचाच राग येतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. जॉर्जियात कायदाच आहे, सरकारी कॉलेजची डिग्री हवी तर अमेरिकेचा आणि जॉर्जियाचा इतिहास, वर दोन्ही राज्यघटना, यात पास व्हायलाच लागतं. न्यू जर्सीत असताना मी अमेरिकन इतिहासाचा कोर्स केला होता, तो इथे चालला, पण त्यात जॉर्जिया कुठून असणार, मग एक तर अख्खा कोर्स करा नाहीतर सूट मिळवायला ही परीक्षा द्या. हो, मीपण फी वाचवायलाच बसलेय, उगाच आव आणत नाही.

पण बसले आणि अडकले ना. हे राज्य सुरू झालं १७३३ ला, सव्हानामध्ये, आणि सुरुवातीला इथे चक्क गुलाम ठेवायला बंदी होती, रमलासुद्धा बंदी! १७५१ ला गुलामगिरीवरची बंदी उठवली, पुढचं तुम्हाला माहीतच आहे. आणि १९४७ ला एकाच वेळी तीन जण म्हणत होते मीच गव्हर्नर, त्यातल्या एकाने तर ऑफिसची कुलपं बदलली. पहाटेच्या शपथविधीवर वर्षभर जोक करणाऱ्यांनो, हे वाचा जरा.

आता आजीची गोष्ट. आईचं माहेर जावळीतलं, कोयना धरणात गाव गेलं, सांगलीकडे कुठेतरी माळावर जमीन मिळाली. मी चौथीत कऱ्हाडला भूगोल पाठ करत बसलेले, "कोयना धरणाच्या जलाशयाचे नाव काय? शिवसागर." एक मार्क. आजी शेंगा निवडत होती, तिने विचारलं, "आन् आमच्या गावाचं नाव न्हाई व्हय त्यात?" मी म्हणलं, आजी ते पेपरात येत नाही. ती परत शेंगा निवडायला लागली. मला मार्क मिळाला.

तर दादा, तुम्ही ज्या फोर्साइथ काउंटीत पाच बेडरूमचं घर घेतलंय ना, ती चेरोकी लोकांची, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांची जमीन. १८३२ ला राज्याने लॉटरी काढून वाटून टाकली, अक्षरशः लॉटरी, चिठ्ठ्या टाकून, आणि चेरोकी तेव्हा तिथेच राहत होते, शेती करत होते, स्वतःच्या लिपीत पेपर छापत होते. त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, कुणी विचारला नाही. १८३८ ला सैन्य लावून हाकलून दिलं. माझ्या कार्डावर याचा एक मार्क.

पुढचं तर कार्डावरपण नाही, मी आपली शोधत बसले रात्री. १९१२ ला याच काउंटीतून हजारावर काळ्या माणसांना पळवून लावलं, घरं, चर्च जाळली, जमिनी गेल्या. नंतर कितीतरी दशकं इथे काळा माणूस राहायला धजावत नव्हता, १९८७ ला त्याविरुद्ध मोर्चा काढावा लागला. आणि याच काउंटीतलं ऑस्करविल गाव, जिथून सगळं पेटलं, त्या भागातली जमीन पन्नासच्या दशकात धरण बांधल्यावर पाण्याखाली गेली. कुठल्या पाण्याखाली? जिथे काल आपण वडापाव खाल्ले. एका कवीचं नाव दिलंय तळ्याला. छान नाव आहे. शिवसागरपण छानच होतं.

आपल्याला काय करायचंय म्हणे! बरं, मान्य, नोकऱ्या आहेत, व्हिसाची टांगती तलवार आहे, कुणाला वेळ आहे, आणि आपण काही कुणाला हाकललं नाही. पण तिकडे गडावरच्या एकेका दगडासाठी व्हॉट्सअपवर भांडायचं आणि इथे वीस वर्षं राहून पायाखाली काय आहे ते विचारायचंसुद्धा नाही? हे मला झेपत नाही. माझ्या लिस्टमधल्या कुणालाच झेपत नसणार, म्हणून तर इथे लिहितेय.

जाऊ दे, दादांवर किती चिडू. मनाने चांगला माणूस आहे, माझ्या ऑपरेशनच्या वेळी आठवडाभर डबा यांच्याच घरून आला होता. आणि आत्ता हे टाइप करताना लेकीने विचारलं, "आई, आजीच्या त्या गावाचं नाव काय?" आणि मला आठवेना. म्हणजे दोन नावं डोक्यात येतायत, त्यातलं एक नक्की आत्याच्या सासरचं आहे. मोठ्या तोंडाने पोस्ट लिहितेय आणि ही अवस्था. आईला विचारावं तर तिला आता सगळ्याच गावांचा गोंधळ होतो. शिवसागर मात्र झोपेत विचारा.

मामाला फोन लावला होता, वाजून वाजून बंद झाला. तिकडे आता साडेसहा, शेतावर गेला असेल. तासाभराने परत लावते, तोवर १८६८ ची राज्यघटना उरकते.