गाभण शेळीचा खुराक तोडू नका

शेळीपालकांच्या मोबाइलवर एक निरोप फिरतोय. त्याचं म्हणणं असं: शेवटच्या दोन महिन्यांत गाभण शेळीचा खुराक (धान्य-पेंडीचा पूरक आहार) बंद करा, नाहीतर करडू मोठं होऊन विताना अडतं, जार (वार) पडेपर्यंत करडाला चीक (व्याल्यावरचं पहिलं घट्ट दूध) पाजू नका, व्याल्यावर पाच दिवस पाणी कमी द्या, म्हणजे कास सुजत नाही. तिन्ही सल्ले चुकीचे आहेत. पहिल्यानं तर शेळीचा जीव जाऊ शकतो.

शेळी साधारण 150 दिवस गाभण राहते. करडाची सुमारे 70 टक्के वाढ शेवटच्या दीड-दोन महिन्यांत होते. उस्मानाबादी जातीच्या शेळीला जुळी होणं तर नेहमीचंच. म्हणजे गरज वाढते, आणि नेमकी तेव्हाच गर्भपिशवीनं पोटातली जागा व्यापलेली असल्यानं नुसत्या भुसकटावर तिचं भागत नाही. खुराक तोडला की अंगावरची चरबी झपाट्यानं वितळते, यकृताला ती पेलत नाही आणि रक्तात कीटोन (चरबी वितळताना तयार होणारी द्रव्यं) साठतात. शेळी कळपामागे रेंगाळते, चारा हुंगून सोडते, दात खाते, बसली की उठत नाही. याला अशक्तपणा समजून दोन दिवस वाट पाहू नका. डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवा.

अडण्याची भीती मात्र खोटी नाही. करडू बहुधा अडतं ते पाय किंवा मान दुमडल्यानं, आडवं आल्यानं, नाहीतर कोवळ्या पाटीला (न व्यायलेल्या तरुण शेळीला) थोराड जातीचा बोकड दाखवल्यानं. उपाशी शेळीला कळा द्यायलाही ताकद उरत नाही. फार लठ्ठ शेळीलाही वर सांगितलेला कीटोनचा आजार होतो, हे खरं. म्हणून पाठीच्या कण्यावरून हात फिरवून अंग आधीच्या महिन्यांत तपासावं. लठ्ठ दिसली तरी शेवटी उपाशी ठेवू नये.

तीसेक किलोच्या शेळीला शेवटचा दीड महिना रोज 200 ते 250 ग्रॅम खुराक पुरतो: मक्याचा भरडा, तूरचुणी, थोडी पेंड, क्षारमिश्रण. मूठभरापासून सुरुवात करून आठ-दहा दिवसांत वाढवा. एकदम धान्य घातलं तर पोट बिघडतं. जोडीला तुरीचं किंवा हरभऱ्याचं भुसकट, शेवरी, हादगा. 250 ग्रॅमनं 45 दिवसांचा हिशेब सव्वाअकरा किलो होतो. दारात दोनच शेळ्या असलेल्या बाईनं हा खर्च एका मेलेल्या करडाच्या किमतीशेजारी मांडून पाहावा.

चिकाबद्दलचा सल्ला करडांच्या जिवावर उठणारा आहे. पोटात असताना करडाला आईकडून रोगप्रतिकारक द्रव्यं मिळत नाहीत, ती चिकातूनच मिळतात. ती शोषण्याची आतड्याची ताकद तासागणिक घटते आणि 24 तासांत जवळजवळ संपते. जार पडायला कित्येक तास लागू शकतात, तोवर थांबायचं कशासाठी? करडू पिऊ लागलं की पिशवी आकुंचन पावते, जार पडायला मदतच होते. पहिला चीक तासाभरात पोटात जाऊ द्या; दोन किलोच्या करडाला पहिल्या दिवसात निदान 200 मिली, तीन-चार वेळा विभागून.

राहिलं पाणी. दुधात पाच भागांतले चारहून अधिक भाग पाणीच असतं. ते तोडलं की दूध आटतं. कासदाह (कासेची सूज) जंतूंमुळे होतो, त्यासाठी गोठ्याची जमीन कोरडी ठेवा. व्यायलेल्या शेळीपुढे आधी कोमट गूळपाणी ठेवा, मग हवं तितकं स्वच्छ पाणी. खुराक हळूहळू वाढवा. जुळी पाजणारीला थोडा जास्त.