तांब्या, काठी आणि तो मेसेज

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमचं घर. यंदा पाडव्याला वहिनींनी गुढीची काठी माळ्यावरून काढलीच नाही. विचारलं तर त्यांनी पुण्याच्या भाच्याने पाठवलेला मेसेज दाखवला. फाल्गुन लागला की तो फिरायला लागतो आणि मी दरवर्षी डिलीट करते. आता घरातच शिरलाय म्हटल्यावर लिहिणं आलं.

मेसेज म्हणतो: ११ मार्च १६८९ ला संभाजी महाराजांची हत्या झाली, त्यांचं शीर काठीवर मिरवलं आणि त्या आनंदात दुसऱ्या दिवशी ब्राह्मणांनी घरोघरी गुढ्या उभारल्या. पालथा तांब्या म्हणजे ते शीर, कडुलिंब सुतकाचा. त्याआधी गुढी नव्हतीच, म्हणून महाराष्ट्राबाहेर हा सण कुणाला ठाऊक नाही.

शेवटचं वाक्य मी ग्वाल्हेरात बसून वाचतेय, एवढं पुरे. कडुलिंबाचं म्हणाल तर त्याच दिवशी तेलुगू घरांत उगादीच्या पच्चडीत त्याचा मोहोर पडतो. त्यांना कुणाचं सुतक? आणि तांब्या काठीच्या टोकावर सुलटा बसवून दाखवा, मग बोलू.

'त्याआधी गुढी नव्हती.' ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० ची. चौथ्या अध्यायात आहे, 'सज्जनांकरवीं गुढी । सुखाची उभवीं'. चोखोबा तर सरळ सांगतात, 'टाळी वाजवावी गुढी उभारावी'. मंगळवेढ्याला कुसू कोसळून ते गेले १३३८ ला. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली नाही ते गुढी उभारा म्हणतात, आणि मेसेजवाल्याला तीच ब्राह्मणांचा कट वाटते!

यावर उत्तर ठरलेलं: ती पंढरीच्या वाटेवरची गुढी, पाडव्याची कुठे? मग महाभारताचं आदिपर्व काढा. उपरिचर वसू राजाला इंद्राने वेळूची काठी दिली. वर्ष सरल्यावर त्याने ती जमिनीत रोवली, आणि तेव्हापासून राजे ती रोवून दुसऱ्या दिवशी गंध, माळा, दागिन्यांनी सजवून उभी करतात, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. वराहमिहिराच्या ग्रंथात हा इंद्रध्वज भाद्रपदात येतो, हे मान्य. पण काठी सजवून पुजायची रीत १६८९ च्या किती आधीची, ते यातून दिसतं. आणि हा वसू चेदीचा राजा, म्हणजे आमच्या शेजारच्या बुंदेलखंडाचा.

आता त्या शिराकडे येते, कारण सगळं विष तिथे आहे. महाराजांना संगमेश्वरला पकडलं मुकर्रबखानाने, हालहाल करून मारलं औरंगजेबाने. मोगल इतिहासकारांनी ते लपवलेलं नाही, फुशारकीने लिहून ठेवलंय. मेसेजमध्ये औरंगजेब जाता जाता एकदा येतो. भीमेकाठी मारलं त्याची बातमी एका रात्रीत गावोगाव कशी पोहोचली, हेही कुणी विचारत नाही. पुढचं बघा. महाराजांचे चिरंजीव शाहू १७०८ ला साताऱ्याच्या गादीवर बसले, ते १७४९ पर्यंत. येसूबाई १७१९ ला मोगलांच्या कैदेतून सुटून आल्या. नवऱ्याच्या, बापाच्या शिराची नक्कल दारोदारी उभी राहतेय आणि सत्ता हाती असलेले हे मायलेक चाळीस वर्षांत एक शब्द बोलत नाहीत? ज्यांच्या नावाने मेसेज गळा काढतो त्यांच्याच बायकामुलांना त्याने इतकं हलकं केलंय, आणि हे भाच्याच्या लक्षातही आलं नाही. राणोजी शिंदे, मल्हारराव होळकर हे याच शाहूंच्या राज्यातले सरदार. त्यांच्या माणसांबरोबर गुढी माळव्यात आली, १८१० ला दौलतराव शिंद्यांची छावणी इथे पडली तेव्हा लष्करात आली.

एक कबूल करायला हवं. तिथी खरी आहे. फाल्गुन अमावास्येला हत्या झाली आणि पाडवा दुसऱ्या दिवशी येतो. त्या अमावास्येला वढूला महाराजांच्या समाधीपाशी लोक जमतात, जमावंच. आणि आपणही पोरांना काय सांगतो? राम पाडव्याला अयोध्येत आला. वाल्मीकींच्या रामायणात वनवासाची चौदा वर्षं पुरी होतात तेव्हा तिथी पंचमी आहे आणि राम भरद्वाजांच्या आश्रमात आहे. शालिवाहनाचं मातीचं सैन्यही मला नंतर जोडलेलंच वाटतं. काठी या कथांहून जुनी असावी. तिला पुजायला ना पुराण लागलं ना पुरोहित. चैत्री पौर्णिमेला जोतिबावर सासनकाठ्या नाचतात, शेतकऱ्यांच्या खांद्यावर. तिथलं देऊळ राणोजी शिंद्यांनी १७३० ला बांधलं. त्या काठ्यांवर कुणाचं शीर आहे, तेही मेसेजवाल्याने सांगावं.

आणि सांगताना १६८९ नंतरच्या शंभर वर्षांतला एक कागद जोडावा: मराठी, फारसी, पोर्तुगीज, कुठलाही चालेल. जाड भिंगाचा चष्मा माझ्याकडे आहे.