हलव्याच्या तोंडातला किडा आणि सोसायटी ग्रुपवरचा मेसेज

परत तोच व्हिडिओ फिरतोय. माशाचं तोंड उघडलंय, आत जिभेच्या जागी पांढरट, काळ्या डोळ्यांचा प्राणी, आणि खाली मेसेज की मुंबईत परदेशी किडा आलाय, माणसाची जीभ खातो, पोटात अंडी घालतो, शिजवूनही मरत नाही, मासे बंद करा. आमच्या ग्रुपवर एका काकांनी त्याला "डॉक्टरांनी सांगितलंय" असं शेपूट पण जोडलं.

आधी परदेशीचं बघू. जीभ संपवून तिच्या जागी बसणारी फेमस जात म्हणजे सायमोथोआ एक्झिग्वा, ती कॅलिफोर्नियाच्या आखातापासून इक्वाडोरपर्यंतची. पण तिची भावकी आपल्या समुद्रात आहेच, हलवा माशात सापडते. आणि किडा कसला, हा आयसोपॉड, कोळंबी-खेकड्यांच्या खानदानातला.

पोटात अंडी म्हणे! अहो मादी अंडी कुठे टाकतच नाही, स्वतःच्या पोटाखालच्या पिशवीत सांभाळते, पिल्लं तिथेच वाढतात आणि बाहेर पडतात तेव्हा पायांच्या सहाच जोड्या असतात, सातवी नंतर फुटते. मग पोहत मासा शोधायचा, कल्ल्यातून आत शिरायचं. सुरुवातीला सगळे नरच, त्यातला एखादा तोंडात जाऊन जिभेला चिकटला की त्याची मादी होते, आणि दुसरा नर मागे कल्ल्यात राहतो. ती आकड्यासारख्या पायांनी जीभ घट्ट धरते, रक्त पिते, जीभ सुकून जाते, आणि मासा तिलाच जीभ म्हणून वापरत जगतो. भन्नाट प्रकार आहे, पण याला समुद्राचं पाणी लागतं आणि कल्ले लागतात. काकांना कल्ले आहेत का?

माणसाची जीभ खाण्याचा मुद्दा इथेच संपला. फार तर ताज्या माशातला जिवंत असेल तर बोटाला चिमटा काढेल. कोळीण मावशी साफ करताना कल्ल्यांबरोबर ओढून फेकते, बस.

शिजवूनही मरत नाही? उकळत्या कालवणात कोळंबी जिवंत राहते का, मग हा कसा राहील.

माशातून माणसाला खरंच त्रास देणारा परजीवी वेगळाच आहे, अनिसाकिस नावाचा गोल कृमी, आणि तो कच्च्या किंवा अर्धकच्च्या माशातून येतो. नीट शिजवलं की तोही मरतो, किंवा उणे 20 अंशाला 7 दिवस गोठवलं तरी. म्हणजे भीती घालायचीच असेल तर सुशीवाल्यांना घाला, आमच्या तव्यावरच्या हलव्याला कशाला मध्ये ओढताय.