‘तीस शब्द पाठ करा, वीस देश फिरा’? कपड्यांपाशीच गाडी अडते

‘स्पॅनिश एकदम सोपी! कपड्यांचे तीस शब्द पाठ करा आणि वीस देशांत बिनधास्त खरेदी करा’ असा एक तक्ता सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. मला चौघांनी पाठवला. खाली तीन दावे: शब्द सगळीकडे तेच, एका शब्दाचा अर्थ एकच, आणि पुरुषांचे कपडे पुल्लिंगी, बायकांचे स्त्रीलिंगी. मी कपड्यांच्या कॅटलॉगची स्पॅनिश भाषांतरं करते. पहिल्या दोन समजुतींपायी मी स्वतः तोंडघशी पडलेय.

शब्द सगळीकडे तेच? चिलीच्या ग्राहकासाठी मी टी-शर्टला ‘पोलेरा’ लिहिलं. बरोबरच होतं. तेच पान पुढे अर्जेंटिनाला गेलं आणि विचारणा आली: चित्रात तर गोल गळा आणि अर्ध्या बाह्या दिसतायत, पोलेरा कुठाय? अँडीज ओलांडली की पोलेरा म्हणजे गळाभर उंच कॉलरचा स्वेटर. टी-शर्टला तिथे ‘रेमेरा’ म्हणतात, मेक्सिकोत ‘प्लायेरा’, व्हेनेझुएलात ‘फ्रानेला’, स्पेनमध्ये ‘कामिसेता’. ‘साको’ची तर आणखी मजा. अर्जेंटिनात सुटाचा कोट, कोलंबियात स्वेटर आणि स्पेनमध्ये चक्क पोतं! ‘सापातीयास’ मागाल तर स्पेनमध्ये घरातल्या सपाता नाहीतर खेळाचे बूट पुढे येतील, मेक्सिकोत बायकांच्या उंच टाचांच्या चपला. आणि तक्त्यात जॅकेटसमोर ‘चाकेता’ आहे, तो मेक्सिकोत जरा जपूनच वापरा. बोलीत त्याचा अर्थ हस्तमैथुन असाही होतो. ‘चामार्रा’ म्हणा, सुखी राहाल.

एका शब्दाचा अर्थ एकच, हा दावा तर देशसुद्धा न बदलता कोसळतो. ‘फाल्दा’ म्हणजे स्कर्ट. पण डोंगराची फाल्दा म्हणजे पायथ्याकडचा उतार, आणि खाटकाकडे फाल्दा मागितला तर मांसाचा तुकडा मिळतो. ‘वेस्तीदो’समोर तक्त्यात फ्रॉक आहे. ‘ओम्ब्रे वेस्तीदो दे नेग्रो’ वाचून त्या माणसाला फ्रॉक घालू नका, त्याने फक्त काळे कपडे घातलेत. माझा आवडता मात्र ‘त्राखे’. नाम असेल तर सूट, क्रियापद असेल तर ‘मी आणलं’. म्हणून ‘त्राखे एल त्राखे’ म्हणजे ‘मी सूट आणला’. मधल्या ‘एल’नेच दुसरा त्राखे हे नाम आहे हे कळतं. आपल्याला यात नवल वाटायला नको. आजीने पातळ नेसून पातळ भाजी वाढली, तर आपण कुठे गोंधळतो?

लिंगाच्या दाव्यावर फार वेळ घालवत नाही. टाय म्हणजे ‘कोर्बाता’ स्त्रीलिंगी, ब्रा म्हणजे ‘सोस्तेन’ पुल्लिंगी. विजार, बंडी, लुंगी ‘ती’ आणि परकर ‘तो’ म्हणणाऱ्या मराठी माणसाने असला तक्ता पुढे ढकलावा, याचंच मला आश्चर्य.

उरला आपलाच पायजमा. फारसी-हिंदीतून इंग्रजीत आणि पुढे स्पॅनिशमध्ये गेला. स्पेनमध्ये तो पुल्लिंगी ‘एल पिखामा’, लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी स्त्रीलिंगी ‘ला पियामा’. तक्त्यात त्यासमोर नुसत्या विजारीचं चित्र आहे. माद्रिदच्या दुकानात पिखामा मागा, वरचा सदराही हातात येईल.