पुडी सोडावी तर इंग्रजी वाक्प्रचाराची

चारचौघांत विद्वान ठरायचं असेल तर वाचनाच्या भानगडीत पडू नका. वेळ जातो आणि डोळेही बिघडतात. त्यापेक्षा एखादा इंग्रजी वाक्प्रचार पकडा आणि तो कुठून आला ते ठोकून द्या. सुरुवात 'तुम्हाला माहितीये का' अशीच करायची. नाही म्हणायला लोकांना लाज वाटते आणि हो म्हणायला भीती, त्यामुळे पुढची दहा मिनिटं तुमचीच.

आधी पूर्वसूरींचा अभ्यास करा. १९९९च्या सुमारास सोळाव्या शतकातल्या जीवनाविषयी एक ईमेल जगभर फिरली. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज'चा उगम त्यात असा दिला होता: तेव्हा कुत्री-मांजरं उबेसाठी गवती छपरात झोपत, आणि पावसानं छप्पर निसरडं झालं की घरंगळून खाली पडत. आता पाऊस आल्यावर छपरातलं मांजर आणखी आत शिरेल की बाहेर येऊन घसरगुंडी खेळेल? शाळकरी पोरालाही पडेल असा प्रश्न, पण ईमेल पुढे पाठवणाऱ्या भल्याभल्यांना तो पडला नाही. खरी हकिगत एवढीच, की सतराव्या शतकाच्या मध्यापासून इंग्रजी लिखाणात हा पाऊस पडतो आहे आणि का पडतो ते नक्की कोणालाच ठाऊक नाही. यातलं गप्पांत काय खपेल, तुम्हीच सांगा. शब्दकोशवाले 'उगम अनिश्चित' असं छापतात आणि मग आपल्याला कोणी विचारत नाही म्हणून झुरतात.

काही सुचेनासं झालं तर जहाज काढा. ते हमखास चालतं. दिसेल त्या शब्दाला बोटीवर चढवणाऱ्यांचा हा उद्योग पाहून भाषेच्या अभ्यासकांनी त्यांच्या कटाला थट्टेनं 'कनू' (इंग्रजीत छोटी होडी) असं आद्याक्षरी नावच देऊन टाकलंय. 'पॉश'चं उदाहरण घ्या. हिंदुस्थानला जाताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची केबिन थंड, म्हणून श्रीमंतांच्या तिकिटावर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम'ची आद्याक्षरं मारत, असं सांगतात. तसा शिक्का असलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. कोणी हे तोंडावर फेकलंच तर शांतपणे म्हणा, "श्रीमंत माणसं तिकिटं जपून ठेवत बसतात होय?"

आकडा विसरू नका. 'द होल नाइन यार्ड्स', म्हणजे 'सगळंच्या सगळं', हा वाक्प्रचार आला दुसऱ्या महायुद्धातल्या मशीनगनच्या २७ फुटी काडतुसांच्या पट्ट्यावरून, हे ऐकल्यावर कोणाची छाती आहे शंका काढायची? १९१२च्या अमेरिकी वर्तमानपत्रात हेच यार्ड सहा होते, ही गोष्ट मात्र स्वतःपाशी ठेवा.

आता हात बसावा म्हणून 'एलिफंट इन द रूम', म्हणजे सगळ्यांना दिसणारी पण कोणीच न काढणारी गोष्ट, करून बघू. एका उमरावाच्या दिवाणखान्यात हत्ती होता. नुसत्या एवढ्यावर कोणी मान डोलावणार नाही. आत आला कसा? पिल्लू असताना आणला. तो वाढला, दार वाढलं नाही. बरं, मग दार फोडायला सुतार बोलावला, तर त्यानं आधीची थकबाकी मागितली आणि काम तिथंच अडलं. या सुताराला काही झालं तरी सोडू नका, सगळी कथा त्याच्यावर उभी आहे. हत्तीवर कोणाचा विश्वास बसत नाही, थकलेल्या बिलावर सगळ्यांचा बसतो. तर पाहुणे चहाला येत, सोंड बशीत येई, आणि शिष्टाचार म्हणून मंडळी हवापाण्यावर बोलत. काळ सोळाव्या शतकाचा नको, तेव्हा इंग्लंडात चहाच पोचला नव्हता. अठरावं घाला. थाप मारायची म्हणून निष्काळजीपणा करायचा असं नाही.

एखादा पुस्तकी किडा मध्येच उठून क्रिलोव या रशियन लेखकाची १८१४ सालची नीतिकथा काढेल. संग्रहालयातले बारीकसारीक किडेसुद्धा पाहून आलेल्या, पण हत्तीच न दिसलेल्या माणसाची. घाबरू नका. "अगदी बरोबर," म्हणा, "क्रिलोवच्या कानावर हे त्या सुताराकडूनच गेलं."

काही महिन्यांनी कुठल्यातरी लग्नात एक अनोळखी गृहस्थ तुम्हाला कोपऱ्यात घेऊन हीच गोष्ट सांगतील. एव्हाना सुतार एका पायानं लंगडा झालेला असेल आणि थकबाकी नेमकी किती पौंड होती तेही ठरलेलं असेल. 'अहो, ही माझीच' असं चुकूनही म्हणू नका. "हो का!" म्हणा, आणि आकडा नीट विचारून घ्या.